गवतात बुडालेला खूर

त्या गायीचा मागचा डावा खूर मी कधीच पाहिला नाही. बाकी सगळी गाय मला पाठ आहे. अंगानं तांबडी, पोटाखाली पांढरी, कपाळावरून नाकापर्यंत एक पांढरा पट्टा उतरलेला. शिंगं आखूड, पुढं वळलेली. वशिंड नावालासुद्धा नाही. एका उतारावर ती उभी होती, गुडघ्याइतक्या गवतात. मागं डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर पांढरं काहीतरी, ज्याला मी पहिल्यांदा चुना समजलो. लाल छपराचं एक लाकडी घर. घराच्या दारात एक बाई, इतकी लहान की तिला तोंडच नव्हतं. तो देश कोणता, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो उठून नकाशात जाऊन बसला असता. माझ्यापुरता तो परभणीतल्या एका खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, एका काळ्या डबीत होता.

मी बैलांचा दलाल. आमच्याकडं हेडी म्हणतात, आणि म्हणताना लोक जरा आवाज खाली करतात. माझ्या बापाच्या दावणीला कधी बैल बांधलेला मी पाहिला नाही. मी शिकलो ते बोरीच्या बाजारात दुसऱ्यांची जनावरं हाकत हाकत. तिशीत आलो तेव्हा बोरी, वालूर, सेलू या तिन्ही बाजारांत मी दिसलो की लोक सरकून वाट द्यायचे. कुणी फुकट दिली नाही ती वाट.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हातात हात द्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरायची. बाहेर उभ्या माणसाला फक्त उपरणं हलताना दिसतं. माझा एक भागीदार होता, वालूरचा. अकरा वर्षं आम्ही एकत्र धंदा केला. आमची वाटणी सरळ होती. तो मालकाच्या तोंडाकडं बघायचा, मी जनावराच्या खुराकडं. गिऱ्हाइकाला गोड बोलून रोखून धरणं त्याचं काम. खाली वाकून पाय उचलणं, खुराच्या बेचक्यात बोट घालणं, पोटाखालून पलीकडं बघणं माझं. वर येताना मी नुसती मान हलवायचो, आणि त्याला कळायचं किती बोटं धरायची ते.

मग सेलूला एकदा ट्रकमध्ये बैल चढवताना फळी सरकली. बैल घसरला, कासरा माझ्या हाताला गुंडाळलेला होता. बैल उठून उभा राहिला, मी राहिलो नाही. तीन महिने फळ्यांवर झोपून काढले. त्यानंतर डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाले, हाडं चांगली आहेत, आता कामाला लागा. मी कामाला लागलो. पण वाकायला गेलो की हात गुडघ्याखाली जायच्या आत कंबर दार लावून घ्यायची. एक वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. प्रत्येक फोटोत हाडं चांगलीच. माझ्या कमरेचे इतके चांगले फोटो निघाले की मला त्यांचा राग यायला लागला.

एक दिवस बाजारात एक लाल कंधारी खोंड उभा होता. भागीदारानं मालकाला बोलण्यात धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी उभा. त्यानं पुन्हा पाहिलं. मी गुडघ्यांवर हात टेकले, तिथंच अडकलो, घाम फुटला. भोवती पंधरा-वीस माणसं होती. तो हसत म्हणाला, "डॉक्टरच्या फोटोत काई निघत न्हाई. ह्याच्या कमरेला काई झालं न्हाई, गड्याला आता बसून खायचंय."

लोक हसले. मी उपरणं त्याच्या तोंडावर फेकलं आणि त्याच्या आईबापाचा उद्धार केला. अकरा वर्षांची भागीदारी तिथंच, शेणात, संपली. लोक म्हणतात राग आला आणि गेला. माझा जात नाही. ते वाक्य मी आजही जसंच्या तसं म्हणून दाखवू शकतो, कुठल्या शब्दावर तो हसला त्याच्यासकट.

आता प्रश्न एवढाच होता. पाडव्यानंतर बैलांचे मोठे बाजार भरतात. पेरणीआधी ज्याला जोडी बदलायची तो तेव्हा बदलतो. त्या बाजारात मी चारचौघांत वाकून खूर पाहिला नाही, तर माझं नाव पुसलं जाणार होतं. बाजार माणसाची एक वर्ष वाट बघतो. दोन वर्षं बघत नाही.

परभणीत व्यायाम करवून घेणाऱ्या एक बाई आल्यात, हे माझ्या बायकोनं कुठूनतरी काढलं. गोळी नाही, सुई नाही, नुसता व्यायाम. मी म्हणालो, तालमीत गेलो असतो तर फुकट झालं असतं. तिनं माझं धुतलेलं धोतर काढून ठेवलं.

बाई वयानं पंचविशीच्या, बारीक, बोलणं शहरी. एका डॉक्टरच्या घरामागच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. एक लाकडी खाट, भिंतीला लोखंडी कडी, एक मोठा आरसा आणि खिडकी. त्यांनी माझे तिन्ही फोटो पाहिले आणि बाजूला ठेवले. मला चालवलं, बसवलं, उठवलं. म्हणाल्या, "दुखतंय हे खरं आहे."

दीड वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. मी लगेच भावावर आलो.

"किती वेळा यावं लागंल?"

"आठवड्यातून एकदा. बारा वेळा."

"बारा लय झाले. सहा करा."

"काका, ही भाजी नाही."

"बरं, आठ. आठाच्या वर एक न्हाई."

बायकोनं मागून माझा सदरा ओढला. बाईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, मी गिऱ्हाइकाकडं बघतो तसं. "ठीक आहे, आठ. पण एकही चुकवायचं नाही. आणि आठ म्हणजे आठच, नंतर वाढवून मिळणार नाहीत."

मी जिंकून बाहेर पडलो. एसटीत बायको खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "औषध कमी करून आणलंत आन हसायलात."

पहिल्या दोन खेपा वाया गेल्या असं मी धरून चाललो होतो. खाटेवर उताणं पडायचं, एक गुडघा छातीशी घ्यायचा, श्वास सोडायचा. तेवढं जमायचं. पण उभं राहून खाली वाका म्हटलं की दार बंद. बाई म्हणायच्या, घट्ट धरू नका. मी म्हणायचो, मी कुठं धरलंय, तीच धरते.

तिसऱ्या खेपेला आम्ही लवकर पोचलो. बाई आत दुसऱ्या कुणाच्या खांद्याशी झटत होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर ती काळी डबी पडली होती. हातपाय मोडलेली लेकरं रडतात, त्यांना गप्प बसवायला बाईंच्या भावानं आणून दिलेली. दोन डोळ्यांना दोन भोकं, आत चित्रांची गोल चकती, बाजूला एक खटका. मला वाटलं दुर्बीण आहे. परभणीचा रस्ता जवळून बघावा म्हणून मी ती डोळ्यांना लावली.

रस्ता नव्हता. गवत होतं. चित्रातलं गवत सपाट असतं, हे तसं नव्हतं. पुढचं गवत पुढं होतं, मागचं मागं होतं, दोघांच्या मधे हवा होती. त्या हवेत ती गाय उभी होती, पाच हातांवर. मी श्वास रोखला. हलली असती असं वाटत होतं. डोंगर तिच्या फार मागं होते, इतके मागं की तिथवर जायला सकाळी भाकरी बांधून निघावं लागलं असतं. कानावर एसटी स्टँडचे आवाज येत होते आणि डोळे त्या थंड उतारावर होते. पायाखाली फरशी होती की ओलं रान, हे सांगता आलं नसतं.

पण मी शेवटी हेडी. गायीकडं पाहिलं आणि मला लगेच दिसलं की ती मागच्या डाव्या पायावर भार देत नाहीये. तो पाय किंचित ढिला, ढुंगण एका अंगाला कललेलं. दूध चांगलं देत असणार, पण त्या पायात काहीतरी होतं. खूर गवतात बुडालेला. बघितल्याशिवाय कळणार कसं. मी बघायला लागलो.

"आवो," मागून बायकोचा आवाज आला. अगदी हळू, झाडावरचा पक्षी उडून जाईल अशा बेतानं. "तुमी वाकलात."

खरंच वाकलो होतो. माझा मोकळा हात नडगीच्या खाली लोंबत होता. हे कळलं, आणि त्याच क्षणी कमरेनं दार आपटलं. मी ओरडून कट्ट्याला धरलं. डबी खाली पडली नाही, कारण ती मी सोडली नाही.

बाई धावत आल्या. मला खाटेवर बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "काय बघत होतात?"

"खूर."

"कुणाचा?"

"तुमची गाय लंगडी हाय."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी डबी घेऊन स्वतः बघितली, बराच वेळ. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "मला एक सांगा. ज्या बैलाचा पाय बरा झालाय, तरी तो लंगडतो, असं कधी होतं का?"

मी म्हणालो, होतं की. कैक वेळा. बैल एकदा एखाद्या नाल्यात घसरतो, पाय मुरगळतो. पाय बरा होतो, खुरात काही नसतं, तुम्ही कितीही दाबून बघा. पण त्या नाल्याशी आला की तो थांबतो. अंग चोरतो. मारलं तर जास्तच. त्याला आम्ही बुजलेला बैल म्हणतो. अडाणी माणूस म्हणतो, नाटकं करायलाय. तो नाटक करत नसतो. त्याच्या पायाला तो नाला खरंच दिसत असतो.

"मग त्याला काय करता?"

"नाला दिसू द्यायचा न्हाई. डोळ्याला झापड बांधायची, पुढं हिरवा चारा धरायचा, बोलत बोलत न्यायचं. दहा वेळा नेला की अकराव्या वेळी झापड काढायची."

हे बोलून झाल्यावर मी थांबलो. बायको डोक्यावरचा पदर सारखा करत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या तोंडून काय निघून गेलं ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

"काका," बाई म्हणाल्या, "तुमची कंबर बुजलीय. हाड बरं झालंय. तिला ती फळी दिसतेय अजून."

वीस वर्षं मी असल्या बैलांची बाजू घेऊन मालकांशी भांडलो होतो. नाटक नाही, बुजलाय, मारू नका. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही त्या फोटोंवरच विश्वास ठेवून बसलो होतो, मनातल्या मनात स्वतःला चोर म्हणत.

तेव्हापासून ती डबी माझी झापड झाली. उभं राहायचं, डबी डोळ्यांना लावायची आणि गायीकडं जायचं. गंमत अशी की मी वाकलो की गायही वाकायची. डोंगर वाकायचे, घर वाकायचं, दारातली बाई वाकायची. सगळा देश माझ्या डोळ्यांबरोबर खाली यायचा आणि तो खूर तेवढाच्या तेवढा गवतातच राहायचा. मी बाईंकडं तक्रार केली, "ही गाय वाकू देत न्हाई, संगं संगं वाकते."

"मग अजून खाली जा. कधीतरी दमेल," बाई म्हणाल्या.

त्या बाजूला उभ्या राहून हलक्या आवाजात बोलत राहायच्या. आता उतारावर एक पाऊल टाका. आता गवत हातानं बाजूला करा. आता श्वास सोडा, तिला बुजवू नका. एका पायाखाली फळी ठेवायच्या, म्हणजे उतार वाटावा. पाचव्या खेपेला त्यांनी बायकोला हिरवा घास आणायला सांगितला. स्टँडबाहेर पेंढ्या विकायला बसायचे, तिथून तिनं ओली पेंढी आणली आणि माझ्या पायाशी पसरली. डबी डोळ्यांना, आणि खालून घासाचा तो कच्चा वास. मी हात खाली सोडला, बोटांना ओली पानं लागली, आणि मला खरंच कळेना की आपण कुठं आहोत. खोली राहिली नाही. परभणी राहिली नाही. गार वारं होतं, कुठंतरी घंटा वाजत होती, ती रिक्षाची असेल, पण त्या वेळी ती दुसऱ्या एखाद्या गायीच्या गळ्यातली होती. मी कितीतरी वेळ तसाच राहिलो. दुखलं. पण ते दुखणं दुसऱ्या गावात भांडण चालू असावं तसं लांबून ऐकू येत होतं.

सगळं असं सुरळीत नव्हतं. मान आखडलेले एक निवृत्त मास्तर शेजारच्या खुर्चीत पट्टा बांधून बसायचे. ते एकदा म्हणाले, "मालक, कोणता सिनेमा लागलाय? बाया हायत का?" मी डबी काढून त्यांना असं काही बोललो की ते पुढच्या खेपेपासून वेळ बदलून आले. बाई माझ्यावर रागावल्या. माझी मान ताठ झाली, कंबर ताठ झाली, आणि ती खेप मी माझ्या तोंडानं घालवली.

सातवी खेप हुकली. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, बंदमुळं एसट्या निघाल्या नाहीत. आम्ही दोघं बोरीच्या स्टँडवर बसून राहिलो आणि ऊन चढल्यावर घरी आलो. माझं डोकं फिरलं होतं. आठातली एक गेली, बाजार तीन आठवड्यांवर, आणि बारा घेतल्या असत्या तर आज एवढं जड गेलं नसतं, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. बायकोनं दाखवलंही नाही. अंगणात लिंबाखाली सावली होती. ती म्हणाली, "उभं ऱ्हावा. डोळे झाका."

"डबी कुठंय?"

"मी सांगते की. झाका."

मी डोळे मिटले. तिनं माझा हात धरला, आणि कुणी रस्त्यानं बघेल म्हणून खांद्यावरचा माझा टॉवेल आमच्या हातांवर टाकला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. बाजारात उपरण्याखाली मी शेकडो माणसांचे हात धरले होते, हिचा नव्हता धरला.

"गवत हाय," ती म्हणाली. "वलं हाय. सकाळ झाल्यासारखी वाटायलीय. गाय तुमच्याकडं बघायली, भ्येऊ नका. मागं घर हाय लाल छपराचं. दारात बाई हाय."

"तू कवा बघितलंस?"

"तुमी खाटेवर पडलेले आसता तवा. बोलू नका. ती बाई आता आत गेली. चुलीवर काईतरी ठेवलंय तिनं. घराच्या मागं एक वढा हाय, त्यात धुणं भिजू घातलंय."

डबीत ओढा नव्हता. घरामागचं काही दिसतच नव्हतं. मी तिला अडवलं नाही. ती बोलत राहिली, शांतपणे, जणू रोज पाणी भरायला जाते तिथलंच सांगत होती. वढ्याच्या पलीकडं रस्ता हाय. रस्त्यानं कुणी येत न्हाई. लय बरं वाटतं तिथं. माझ्या लक्षात आलं की मी एकटाच त्या देशात जात नव्हतो. हीही जात होती, माझ्या मागून, आणि माझ्यापेक्षा लांब.

मी खाली जात राहिलो. टॉवेलाखाली माझी बोटं सवयीनं तिच्या बोटांवर दाबली गेली.

"ह्याचा काय भाव झाला?" तिनं विचारलं.

"न्हाई सांगायचा. गिऱ्हाइकाला कळू देत नसतात."

ती हसली ते मला तिच्या हातातून कळलं. मी डोळे उघडले तेव्हा माझा दुसरा हात माझ्या घोट्यावर होता, आणि समोर आमचं साधं सारवलेलं अंगण होतं.

आठव्या आणि शेवटच्या खेपेला बाईंनी मला डबीशिवाय वाकवलं. घोट्यापर्यंत गेलो, वर आलो, घामाघूम. "दिसला का खूर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, न्हाई. आत कुठंतरी वाटत होतं की अजून चार खेपा मागाव्या. ओठावर आलं होतं. पण आठ माझा आकडा होता. त्याऐवजी मी डबी विकत मागितली. बाई नाही म्हणाल्या. मी चढत गेलो. गोड बोललो, कडक बोललो, उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. सगळ्या खेळ्या संपल्या.

"विकायची नाही," त्या म्हणाल्या. "लेकरं रडतात. आणि तुम्ही बैलाची झापड जन्मभर ठेवता का?"

आजवर इतके सौदे केले, हाच एक मोडला. अजून मला वाटतं की त्यांनी द्यायला हवी होती. एवढी गाय माझ्यावाचून तिथं कुणाच्या उपयोगाची होती?

पाडव्यानंतरच्या सेलूच्या बाजारात बोरीचा एक शेतकरी मला घेऊन गेला. त्याला जोडी हवी होती. त्याला आवडली ती एक देवणी जोडी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, सहा दाती, चाल बघण्यासारखी. नुकतीच हौदावर पाणी पाजून आणलेली. कासरा धरून माझा जुना भागीदार उभा होता.

उपरणं फेकलं त्यानंतरची ती पहिली गाठ. तो थोडा वाळला होता. भोवती माणसं जमायला वेळ लागला नाही, सगळ्यांना ते उपरणं आठवत होतं. त्यानं हात पुढं केला. मी धरला. वर उपरणं पडलं. मी पहिला आकडा दाबला, जो कुणी कधी घेत नसतं, जो फक्त बोलणी सुरू करायला असतो.

त्यानं माझी बोटं मिटवली. म्हणजे, मंजूर.

मला वाटलं त्याचा हात चुकला. मी पुन्हा दाबला. त्यानं पुन्हा मिटवली. आणि मग मला कळलं. दया. चारचौघांत, उपरण्याखाली, कुणाला दिसू न देता तो माझ्यावर दया करत होता. वाकायला जमत नाही, तर बघायची वेळच येऊ नये.

"लंगडी हाय का जोडी?" मी मोठ्यानं विचारलं.

"काऊन?"

"पहिल्याच बोलीला देयलास म्हणून इचारलं."

"मुकाट घे की," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कामून वाढवायलास?"

मी उपरणं ओढून त्याच्या खांद्यावर टाकलं आणि डाव्या बैलाच्या मागं गेलो. रागानं गेलो हे खरं आहे. पण बैलाच्या ढुंगणावर हात ठेवला तेव्हा राग मागं राहिला. बाजार गप्प झाला होता, किंवा मला ऐकू येत नव्हतं. मी डोळे मिटले. उतार होता. गवत ओलं होतं. दारातली बाई आत गेली होती, घरामागं धुणं भिजत होतं, आणि रस्त्यानं कुणी येत नव्हतं. मी गवत बाजूला करत खाली गेलो, श्वास सोडत, तिला न बुजवता. दूर कुठंतरी दुखत होतं. हाताला ओलं लागलं, थंड लागलं, आणि मग कडक लागलं.

डोळे उघडले तर माझ्या तळहातात खूर होता. मागचा डावा. हौदावरच्या चिखलानं माखलेला. मी अंगठ्यानं चिखल पुसला, बेचक्यात बोट घातलं, कड दाबली. एक जुनी चीर होती, भरून आलेली, केसाएवढी. बाकी निर्मळ. बैल शांत उभा होता आणि शेपटीनं माझी पाठ झाडत होता.

खाली जाण्यापेक्षा वर येणं अवघड गेलं. भागीदारानं हात पुढं केला. मी बैलाला धरून उठलो.

"चीर हाय," मी म्हणालो. "भाव उतरव."

"भरलेली हाय ती. आंधळा झालास का?"

"भरलेली हाय म्हणून घ्यायलोय. न्हाई तर हातबी लावला नसता."

"आता एक बोटबी खाली येणार न्हाई."

मग तो जसा भांडायचा तसा भांडला. उपरणं पडलं, निघालं, पुन्हा पडलं. ऊन डोक्यावर येईस्तोवर आम्ही एकमेकांची बोटं पिळत होतो, आणि शेवटी जो भाव ठरला तो माझ्या पहिल्या बोलीपेक्षा थोडा वरच गेला. शेतकऱ्याला मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. ते जुनं वाक्य भागीदारानं परत घेतलं नाही. मी मागितलंही नाही. पुढं आम्ही बाजारात कित्येक सौदे केले, पण पुन्हा भागीदारी केली नाही, आणि त्याच्या घरचं पाणी मी अजून घेतलेलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. बायको लिंबाखाली तांदूळ निवडत होती. माझी चाल बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"दिसला का?" तिनं विचारलं.

"दिसला."

"कसा हाय?"

"चांगला हाय. जुनी चीर हाय, भरलेली. लंगडत न्हाई ती."

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि एक खडा काढून अंगणात टाकला. "मला ठावं होतं," ती म्हणाली. "मी पलीकडून बघून आल्ते."